चढणीला वणवा माणसापेक्षा वेगवान

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सरला की पुण्याभोवतीच्या डोंगरांचा रंग बदलतो. पावसाळ्यात हिरवेगार आणि दिवाळीच्या सुमारास सोनेरी असलेले गवत आता वाळून पांढरट पडलेले असते. एखाद्या उतारावर काळा डाग दिसू लागतो. पुढच्या आठवड्यात तो मोठा झालेला असतो. कात्रज, बोपदेव, सिंहगड, पानशेत, ताम्हिणी, मावळ अशा कोणत्याही बाजूने रात्री घाटातून येताना डोंगराच्या अंगावर लाल रेघ वाकडीतिकडी सरकताना दिसते. लांबून ती अगदी संथ वाटते. त्या रेघेच्या वर, त्याच उतारावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती तशी दिसत नाही.

पुण्यातली डोंगरभटकंती या दिवसांत थांबत नाही. परीक्षा संपलेल्या असतात, उन्हाचा ताप नको म्हणून रात्रीचे ट्रेक निघतात, राजगड-तोरण्यावर मुक्काम होतात. पाठपिशवीत पाणी, टोपी, विजेरी, ग्लुकोज, क्रेप बँडेज असते. पाय मुरगळणे, साप, ऊन यांचा विचार केलेला असतो. वणव्याचा विचार मात्र फार कमी गट करतात. वणवा म्हणजे झाडांचे, गवताचे आणि वनखात्याचे दुखणे, अशी समजूत असते. प्रत्यक्षात फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येकाला वणव्याच्या दोन-तीन साध्या नियमांची माहिती हवी. त्यातला पहिला नियम असा, की आग चढण चढताना दमत नाही. उलट चढ जितका उभा, तितकी ती वेगाने धावते.

गवत म्हणजे बारीक सरपण

सह्याद्रीचा पश्चिम उतार आणि घाटमाथा चार महिने पाऊस झेलतो. त्या पावसावर गवत कमरेइतके, काही ठिकाणी डोक्याइतके वाढते. ऑक्टोबरनंतर पाऊस थांबतो आणि पुढचे सात-आठ महिने या गवताला फक्त वाळायचे असते. म्हणजे जितका पाऊस चांगला, तितके उन्हाळ्यात जळायला गवत जास्त. शिवाय पानगळीची झाडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकतात आणि जमिनीवर वाळक्या पाचोळ्याचा थर साचतो. कारवीच्या दाट जाळ्या वाळल्यावर काटक्यांचा भारा ठरतात.

वणव्याचे अभ्यासक सरपणाची वर्गवारी ते किती वेळात वाळते यावरून करतात. गवताची काडी, पान, पेन्सिलीपेक्षा बारीक काटकी ही ‘एक तासाची’ सरपणे. हवा कोरडी झाली की ती तासाभरात कोरडी होतात. हाताच्या मनगटाएवढ्या फांदीला काही दिवस लागतात, ओंडक्याला आठवडे. मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी हवेतली आर्द्रता बऱ्याचदा वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. पहाटे दवाने किंचित ओलसर असलेले गवत अकरा-बारा वाजेपर्यंत काडेपेटीसारखे तयार झालेले असते. म्हणूनच सकाळी सात वाजता ज्या उतारावरून निर्धास्त चढलो, तोच उतार दुपारी दोन वाजता उतरताना वेगळा असतो. डोंगर तोच, वाटही तीच. गवतातले पाणी मात्र उडून गेलेले असते.

पण वाळलेले गवत आपणहून पेट घेत नाही. उन्हाळ्यात बांबू घासून किंवा काचेच्या तुकड्यावर ऊन पडून वणवा लागतो, असे ऐकायला मिळते. भारतातले जवळपास सगळे वणवे मात्र माणसाच्या हातून लागतात. काही वेळा राब भाजताना आग बांध ओलांडते. मावळ, मुळशी, वेल्हे भागात भात-नाचणीच्या रोपवाटिकेसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजण्याची ही जुनी रीत आहे. काही वेळा ‘जाळले की पुढच्या वर्षी गवत चांगले येते’ या समजुतीने आग लावली जाते. मध काढणाऱ्याचा पलिता, रस्त्याकडेला जाळलेला कचरा, गाडीतून भिरकावलेली विडी-सिगारेट ही कारणे नेहमीची. त्यात ट्रेकर मंडळींची भरही आहे: तीन दगडांच्या चुलीत राहिलेले निखारे, मुक्कामाची शेकोटी, गडावरच्या वाढदिवसाचे फटाके.

चढ, वारा आणि नळी

सपाट जमिनीवर ज्वाळा सरळ वर जातात. त्यांची बरीचशी उष्णता आकाशात निघून जाते. उतारावर मात्र ज्वाळा वरच्या बाजूच्या गवताच्या अगदी जवळ येतात. आगीतून उठणारी गरम हवा उताराला घासत वर सरकते. वरचे गवत आग पोहोचण्याआधीच भाजून कोरडे होते आणि ठिणगी पडताच भडकते. ऑस्ट्रेलियात वणव्यांचा अभ्यास करणारे ॲलन मॅकआर्थर यांनी १९६० च्या दशकात यावरून एक ढोबळ हिशेब मांडला. उतार दर दहा अंशांनी वाढला की चढत्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. दहा अंशांवर दुप्पट, वीस अंशांवर चौपट, तीस अंशांवर आठपट.

आता माणसाचा वेग पाहू. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये घालून दिलेला ठोकताळा आजही वापरला जातो: सुमारे ६०० मीटर उंची चढायला एक तास. आतकरवाडीतून सिंहगड चढायला सरावाच्या माणसाला लागणारा वेळ साधारण याच हिशेबात बसतो. तीस अंशांच्या उतारावर तेवढी उंची गाठायची तर उतारावरून सरळ सव्वा किलोमीटर अंतर कापावे लागते. म्हणजे चढणारा माणूस तासाला सव्वा किलोमीटर जातो. सपाटीवर तासाला एक किलोमीटर, म्हणजे रांगणाऱ्या मुलाइतक्या वेगाने सरकणारी आग त्याच उतारावर हिशेबाने आठ किलोमीटरचा वेग धरू शकते. माणूस जिवाच्या आकांताने पळाला, तरी काही मिनिटांतच त्याचा दम संपतो. आगीचा वेग मात्र वर जाताना वाढतच राहतो.

यात वाऱ्याची भर पडते. दिवसा डोंगराचे उतार तापतात आणि हवा दरीतून वर वाहू लागते. म्हणजे दुपारी चढ आणि वारा दोन्ही आगीच्या बाजूने असतात. संध्याकाळकडे पश्चिमेचा वारा घाटमाथा ओलांडून आत येतो आणि दिशा अचानक बदलू शकते. जी आग आपल्यापासून दूर चालली होती, ती वळते. रात्री हवा थंड होऊन उलट दरीकडे उतरते, आर्द्रता वाढते आणि आग बहुधा मंदावते. पण अंधारात तिचे अंतर डोळ्यांना कळत नाही आणि पळायची वाट दिसत नाही.

सर्वांत वाईट जागा म्हणजे नळी आणि खिंड. सह्याद्रीतल्या अनेक वाटा नळीतूनच चढतात, कारण पाण्याने तिथे डोंगर कापून वाट करून दिलेली असते. दोन्ही बाजूंना भिंती असलेली ही अरुंद घळ आगीसाठी धुराडे ठरते. खाली आग लागली की गरम हवा नळीतून वर खेचली जाते आणि मागोमाग ज्वाळा येतात.

वर पळण्याचा मोह किती महागात पडतो, हे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅन गल्च या दरीत ५ ऑगस्ट १९४९ रोजी दिसले. तिथे विमानातून पॅराशूटने उतरलेले पंधरा अग्निशामक जवान आणि एक वनकर्मचारी वणव्यासमोर सापडले. गवताळ, उभ्या उतारावर ते माथ्याकडे धावले. हे सगळे तरुण, तंदुरुस्त आणि आगीचे प्रशिक्षण घेतलेले होते. तेरा जण वाचले नाहीत. दोघांना माथ्याजवळच्या खडकातली फट सापडली म्हणून ते पलीकडे निसटले. तुकडीचा प्रमुख वॅग्नर डॉज याने धावणे थांबवले, समोरचे गवत स्वतःच पेटवले आणि ते जळून गेल्यावर त्या राखेत पालथा पडून राहिला. मोठी आग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. हा प्रयोग कुणी करून पाहायचा नाही. त्या प्रसंगात डॉजचे सहकारीही तो समजू शकले नाहीत आणि त्याच्यासोबत राखेत थांबले नाहीत. पण त्यामागचे तत्त्व प्रत्येकाने लक्षात ठेवावे. जे एकदा जळून गेले, ते पुन्हा जळत नाही.

कुरंगणीचा रविवार

आपल्या देशातही हे घडून गेले आहे. ११ मार्च २०१८, रविवार. तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात, केरळच्या सीमेलगत कुरंगणीच्या डोंगरात दोन गट ट्रेकला गेले होते. एक चेन्नईहून आलेला, त्यात महिलांची संख्या मोठी होती. दुसरा ईरोड-तिरुपूर भागातला. कोळुक्कुमलैच्या चहामळ्यांकडून उतरताना दुपारी त्यांना वणव्याने गाठले. उतारावर वाळलेले उंच गवत होते. घाबरून लोक वेगवेगळ्या दिशांना पळाले. काही जण दरीच्या बाजूला गेले. सायंकाळपासून स्थानिक गावकरी, वनकर्मचारी आणि अग्निशमन दलाने शोध सुरू केला. पुढे हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत घेण्यात आली. पहिल्या दिवशी मृतांचा आकडा एकअंकी होता. नंतरच्या दिवसांत आणि आठवड्यांत रुग्णालयातून एकेक बातमी येत गेली आणि तो वीसच्या वर पोहोचला. त्यानंतर तमिळनाडू सरकारने वनक्षेत्रातल्या ट्रेकिंगसाठी स्वतंत्र नियम केले.

कुरंगणीचा डोंगर सह्याद्रीच्याच रांगेत, तिच्या दक्षिण टोकाकडे येतो. मार्च महिना, वाळलेले गवत, दुपारची वेळ, उभा उतार, शहरातून शनिवार-रविवारसाठी आलेले आणि वाट नीट माहीत नसलेले लोक हे सगळे पुण्याच्या कोणत्याही सुट्टीच्या ट्रेकला लागू पडते.

याच्या सहा महिने आधी, २ सप्टेंबर २०१७ रोजी, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ईगल क्रीक या वाटेवर एका पंधरा वर्षांच्या मुलाने दरीत फटाका फेकला आणि वणवा भडकला. परतीची वाट बंद झाल्याने सुमारे दीडशे पदभ्रमण करणारे अडकले. त्यांनी एकत्र राहून ती रात्र जंगलात काढली. दुसऱ्या दिवशी बचाव पथकांच्या मदतीने लांबच्या वाटेने ते सुखरूप बाहेर आले. तिथला डोंगर आणि आग वेगळी होती, म्हणून दोन्ही घटनांची सरळ तुलना करता येणार नाही. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे: गट फुटला नाही आणि लोक आगीच्या बाजूने परतण्याचा हट्ट न धरता तिच्यापासून दूर जात राहिले.

धूर आधी पोहोचतो

ज्वाळा दिसण्याआधी धूर येतो आणि बहुतेकांचा वणव्याशी संबंध धुरापुरताच असतो. गवत-लाकडाच्या धुरात अतिसूक्ष्म कण असतात. त्यांना ‘पीएम २.५’ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. माणसाचा केस याच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. हे कण नाकात अडकत नाहीत. फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, भारताचे मानक ६० आहे. वणव्याच्या जवळचा धूर या दोन्ही मर्यादा सहज ओलांडतो.

चढणाऱ्या माणसासाठी यात आणखी एक अडचण आहे. बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत घेतो. उभा चढ चढताना हेच प्रमाण पन्नास-साठ लिटरवर जाते, तेही तोंडाने. म्हणजे त्याच धुरात उभा असलेल्या माणसापेक्षा चढणारा माणूस कितीतरी पट कण आत ओढतो. दमा, हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांना नेणाऱ्यांनी धुराचा वास येताच परत फिरणे हेच शहाणपण. तोंडावर बांधलेला रुमाल, ओला असो वा कोरडा, हे कण अडवत नाही. एन-९५ मास्क नीट बसवला तर कण अडवतो, पण वायू अडवत नाही.

त्या वायूंमधला धोकादायक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. उघड्यावर तो लवकर विरतो. पण नळीत, गुहेत किंवा धुमसणाऱ्या ओंडक्यांजवळ तो साठू शकतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. ‘ऊन लागले असेल, पाणी कमी प्यायलं’ म्हणून ती दुर्लक्षित राहतात. कोविडच्या काळात घरोघरी आलेले बोटाचे ऑक्सिमीटर इथे फसवते, कारण त्याला प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही आणि आकडा चांगला दिसतो. अशा माणसाला मोकळ्या हवेत आणणे आणि रुग्णालयात पोहोचवून प्राणवायू देणे हाच उपाय. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तासाभरापासून दीड तास.

कुरंगणीत मृत्यू आठवडाभरानंतरही का होत राहिले, याचे उत्तर त्वचेत आहे. त्वचा शरीरातले पाणी आत ठेवते आणि जंतू बाहेर. ती मोठ्या भागावर जळली की शरीरातील द्रव भराभर झिरपतो, रक्तदाब ढासळतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. त्यातून सावरल्यावर जंतुसंसर्गाचे संकट उभे राहते. बोटांसकट स्वतःचा तळवा म्हणजे शरीराच्या त्वचेचा साधारण एक टक्का. या मापाने जखमेचा अंदाज घेता येतो आणि रुग्णालयाला फोनवर सांगता येतो.

भाजलेल्या माणसासाठी डोंगरावर करण्यासारखे थोडेच असते, पण ते महत्त्वाचे असते. अंगठी, घड्याळ, कडे सूज येण्याआधी काढावे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे. बाटलीत थोडेच असेल तर बारीक धारेने. त्वचेला चिकटलेला कपडा ओढून काढू नये. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ यांपैकी काही लावू नये. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून माणसाला अंगावर पांघरूण देऊन खाली न्यावे. नाकात काजळी, जळलेल्या भुवया, बसलेला आवाज ही खूण दिसली, तर तो माणूस चालत-बोलत असला तरी त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. आत भाजलेला घसा काही तासांत सुजून श्वास अडवू शकतो.

कपड्यांचा विचार निघण्याआधीच करायचा. घाम सुकवणारे ड्राय-फिट कपडे पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे असतात. सुमारे अडीचशे अंशांना ते वितळतात आणि त्वचेला चिकटतात. सुती कापडही पेटते, पण वितळून कातडीत रुतत नाही. वणव्याच्या हंगामात पूर्ण बाह्यांचा जाडसर सुती शर्ट, लांब पँट आणि चामड्याचे किंवा जाड बूट हाच साधा आणि चांगला पोशाख.

निर्णय पायथ्याशी

वणव्यातून वाचण्याचे बहुतेक निर्णय आग दिसण्याआधी घ्यावे लागतात. आदल्या दिवशी पायथ्याच्या गावात फोन करून विचारावे, की डोंगरात कुठे आग आहे का, राब भाजणी चालू आहे का. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या सूचना मोबाइलवर पाठवते. त्यासाठी सामान्य नागरिकही नाव नोंदवू शकतो. मात्र हे उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात आणि त्यांच्या चित्रातला एक चौकोन पावणेचारशे मीटरपासून एक किलोमीटरपर्यंत असतो. मधल्या वेळात लागून विझलेली गवताची आग त्यांना दिसत नाही. म्हणून नकाशा कोरा आहे म्हणजे डोंगर कोरा आहे, असे समजू नये. गावकऱ्याचा एक फोन अनेकदा जास्त उपयोगी पडतो.

पहाटे निघून अकराच्या आत उतार संपेल असे वेळापत्रक आखावे. चढताना दर अर्ध्या तासाने आजूबाजूला पाहून एक प्रश्न विचारायचा: आत्ता खाली आग लागली, तर आपण कुठे जाणार? उघडा कातळ, गवत नसलेला सडा, नांगरलेले शेत, पाण्याचे टाके, बैलगाडीचा रुंद रस्ता, वनखात्याने गवत काढून तयार केलेली जाळरेषा आणि आधीच जळून थंड झालेली काळी जमीन या आसऱ्याच्या जागा. उंच गवत, कारवीची जाळी, नळी आणि खिंड या टाळायच्या जागा.

आग दिसलीच तर तिच्या वर थांबू नये. माथा जवळ वाटत असला तरी उतारावर सरळ वर पळू नये. आगीच्या बाजूने, आडवे सरकून तिच्या वाटेतून बाहेर पडावे आणि जमेल तिथून खाली उतरावे. खाली उतरणारी आग संथ असते. फक्त जळते ओंडके गडगडत खाली येऊन आपल्या मागे नवी आग लावू शकतात, हे भान ठेवावे. गट एकत्र ठेवावा, डोकी मोजावीत, सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने जावे. स्टोव्हची गॅस-डबी, सॅनिटायझर दूर टाकावेत. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, आपत्कालीन क्रमांक ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन लागला की आधी गावाचे नाव, मग डोंगराची कुठली बाजू, मग माणसे किती हे सांगावे.

विझवायला जावे का? दरवर्षी पुण्याच्या टेकड्यांवर आणि किल्ल्यांवर अनेक स्वयंसेवक ओल्या फांद्यांनी आग झोडपून विझवतात. त्यांच्यामुळे पुष्कळ जंगल वाचते. पण ते काम आगीच्या तोंडाकडून नव्हे, तर तिच्या शेपटीकडून आणि बाजूंनी, अनुभवी माणसाच्या सोबतीने करायचे असते. ज्वाळा कमरेइतक्या उंच झाल्या की हाताच्या साधनांनी ती आग आवरत नाही, असा जगभरच्या अग्निशामकांचा नियम आहे. त्यात उन्हाळ्यातली दुपार आणि आगीची धग एकत्र आली, तर उष्माघात हा ज्वाळांइतकाच खरा धोका असतो. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला तर त्याला आधी सावलीत नेऊन पाण्याने गार करावे, मग खाली न्यावे.

आगीनंतर फुलणारे रोप

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये तळेगाव दाभाडे परिसरातल्या गवताळ उतारांवरून एका नव्या वनस्पतीची नोंद केली. तिचे नाव डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. डॉ. मंदार दातार यांच्या गटाने दाखवले, की ही वनस्पती वर्षातून दोनदा फुलते. पहिला बहर पावसाळ्यानंतर येतो आणि दुसरा उन्हाळ्यात, गवत जळून गेल्यावर. जमिनीखालचे लाकडी मूळ शाबूत राहते आणि राखेतून बुटके, फुलांनी भरलेले कोंब वर येतात.

म्हणजे सह्याद्रीच्या गवताळ भागांना आग अगदीच परकी नाही. त्यावरून ‘जाळलेले चांगलेच’ असा अर्थ काढणे मात्र चूक. प्रश्न आग किती वेळा लागते याचा आहे. एकाच उतारावर दरवर्षी आग लागली तर झाडांची रोपे दोन-तीन वर्षांची होऊच शकत नाहीत. जमिनीवर घरटे करणाऱ्या टिटवी, तित्तिर, चंडोल यांची अंडी-पिल्ले जातात. उघडी पडलेली माती जूनच्या पहिल्या पावसात वाहून धरणात जाते. खडकवासला, पानशेत, मुळशीच्या पाणलोटातले डोंगर जळतात तेव्हा त्या मातीचा हिशेब शेवटी पुण्याच्याच पाण्याशी येतो.

राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. भीमाशंकरसारखे अभयारण्य किंवा चांदोलीसारखे राष्ट्रीय उद्यान असेल, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही लागू होतो. पण कायद्यापेक्षा सोपा उपाय पाठपिशवीत आहे. या चार महिन्यांत घरून भाकरी-चटणी न्यावी, शेकोटी-चूल करू नये, आणि काडेपेटी, लायटर, सिगारेट, फटाके पायथ्याच्या पुढे नेऊ नयेत. जी आग आपल्याबरोबर डोंगरावर गेलीच नाही, तिच्यापासून कुणालाही पळावे लागत नाही.